धमनीची भिंत आतून मोजताना: कॅथ लॅबमधून आयव्हसविषयी

अँजिओग्राफी संपून रुग्ण बाहेर आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "साहेब, किती टक्के हाय?" कागलचा शेतकरी असो, राजारामपुरीतला व्यापारी असो किंवा सिंधुदुर्गातून घाट चढून आलेले एखादे कुटुंब असो, हृदयाच्या धमनीचा आजार आपल्याकडे टक्क्यांतच सांगितला आणि ऐकला जातो. सत्तर, ऐंशी, नव्वद. या आकड्यावर घरात चर्चा होते, पैशांची जुळवाजुळव होते आणि 'रिंग', म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी किंवा स्टेंट, टाकायची की नाही याविषयी मन तयार होते. मी कोल्हापुरातील एका रुग्णालयाच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी होते तिथे, तंत्रज्ञ आहे. निदान करणे आणि उपचार ठरवणे हे डॉक्टरांचे काम. यंत्र चालवणे, पडद्यावरच्या चित्रात मापे घेणे आणि ती बिनचूक सांगणे हे माझे. त्या कामातून एक गोष्ट मला इतकी स्पष्ट दिसत आली आहे की ती सविस्तर लिहावीशी वाटते. टक्क्यांचा आकडा धमनीच्या पोकळीविषयी बोलतो, आणि आजार धमनीच्या भिंतीत असतो. ती भिंत आतून पाहण्याचे साधन, आयव्हस म्हणजे धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी, आता आपल्या शहरातही आहे, परंतु स्टेंट बसवताना त्याचा उपयोग जितका व्हायला हवा तितका अजून होत नाही.

आधी अँजिओग्राफीला तिचे श्रेय द्यायला हवे. 1958 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमनीत थेट कॅथेटरमधून, म्हणजे बारीक लवचीक नळीतून, डाय सोडून तिचे चित्रण केले आणि या तपासणीचा पाया घातला गेला. त्यानंतर 1977 मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुएन्टझिग यांनी फुग्याने पहिली अँजिओप्लास्टी केली, तीही याच चित्रणाच्या आधाराने. आजही अँजिओग्राफीवाचून कॅथ लॅबचे पान हलत नाही. मात्र तिची मर्यादा तिच्या रीतीतच आहे. डायमध्ये क्ष-किरणांना अडवणारे आयोडीन असते, आणि पडद्यावर जी काळी रेषा वाहताना दिसते ती प्रत्यक्ष धमनी नसून धमनीतून वाहणाऱ्या त्या द्रवाची सावली असते. पोकळी चपटी किंवा वाकडी असेल तर एका कोनातून ती रुंद दिसते आणि दुसऱ्या कोनातून अरुंद. म्हणूनच आम्ही यंत्राची कमान वेगवेगळ्या कोनांत फिरवून चित्रे घेतो. तरीही दोन अनुभवी डॉक्टरांनी एकाच फिल्मवर वेगवेगळे टक्के सांगावेत, असे घडते, आणि त्यात कोणाच्याही कौशल्याचा दोष नसतो.

अधिक गंभीर अडचण टक्के काढण्याच्या पद्धतीत आहे. अरुंद जागेची तुलना तिच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या भागाशी केली जाते. तो शेजारचा भाग खरोखर निरोगी असेल तर हिशेब बरोबर येतो. परंतु मधुमेह असलेल्या रुग्णांत, आणि असे रुग्ण आपल्या भागात फार आहेत, आजार एका ठिकाणी न राहता धमनीभर पसरलेला असतो. साडेतीन मिलिमीटरची धमनी सगळीकडून सारखीच आत भरत आली असेल, तर अँजिओग्राफीत ती अडीच मिलिमीटरची 'नैसर्गिकच बारीक' धमनी म्हणून दिसते. अशा वेळी तुलना करायची ती आजारी भागाची दुसऱ्या आजारी भागाशी होते.

याहून आश्चर्याची बाब 1987 मध्ये शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. मृत्यूनंतर तपासलेल्या हृदयांतील मुख्य डाव्या धमनीचे छेद मोजून त्यांनी दाखवले की भिंतीत चरबीयुक्त साठा, म्हणजे प्लाक, वाढू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने फुगते आणि रक्ताची वाट मोकळी ठेवते. प्लाकने आतल्या लवचीक पडद्याच्या क्षेत्रफळापैकी सुमारे 40 टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी फारशी आकसत नाही. तोपर्यंत अँजिओग्राफी जवळजवळ निर्दोष दिसू शकते. काठावरून विहिरीत डोकावले तर पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. बांधकामातला कोणता दगड सुटत चालला आहे, हे पाहायचे तर आत उतरावे लागते. 'अँजिओग्राफी नॉर्मल होती आणि वर्षाच्या आत अटॅक कसा आला' असे जे लोक कळवळून विचारतात, त्यांच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या एका निरीक्षणात आहे.

भिंत पाहण्यासाठी ध्वनीच का वापरायचा, हे थोड्या गणिताने समजते. शरीरातील मऊ भागांत ध्वनी सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण साडेतीन मेगाहर्ट्झची कंप्रता वापरली तर एका लहरीची लांबी सुमारे 0.44 मिलिमीटर येते. यकृत किंवा गर्भ पाहायला ती पुरेशी बारीक आहे, पण जिचा व्यासच दोन ते पाच मिलिमीटर आहे अशा धमनीच्या भिंतीतले थर तिला वेगळे करता येणार नाहीत. कंप्रता 40 मेगाहर्ट्झवर नेली तर लहर 0.04 मिलिमीटरपर्यंत आखूड होते आणि थर वेगळे दिसू लागतात. परंतु कंप्रता जितकी जास्त तितका ध्वनी शरीरात लवकर शोषला जातो. छातीवरून सोडलेला 40 मेगाहर्ट्झचा ध्वनी हृदयाच्या धमनीपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून ध्वनी निर्माण करणारा घटकच धमनीच्या आत न्यावा लागतो. कॅथेटरच्या टोकावर बसवलेल्या या सोनोग्राफीला आम्ही कॅथ लॅबमध्ये आयव्हस म्हणतो.

ही कल्पना आजकालची नाही. नेदरलँड्समधील रोटरडॅम येथे निकोलास बोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये कॅथेटरच्या टोकावर 32 घटकांचे कडे बसवून हृदयाच्या आतून चित्र घेणारे उपकरण प्रसिद्ध केले. तेव्हा उद्देश हृदयाचे कप्पे आणि झडपा पाहण्याचा होता. हृदयाच्या धमनीत जाईल इतके बारीक कॅथेटर तयार व्हायला 1980 च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि त्यात पॉल यॉक यांचे काम पायाभूत ठरले. आज जी कॅथेटरे आम्ही हाताळतो ती टोकाशी सुमारे एक मिलिमीटर जाडीची असतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात एकच घटक मिनिटाला सुमारे 1800 फेऱ्यांच्या वेगाने गोल फिरतो. दुसऱ्यात काहीही फिरत नाही, टोकाभोवती बसवलेले 64 घटक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आळीपाळीने ध्वनी सोडतात आणि ऐकतात. फिरणाऱ्या प्रकाराचे चित्र अधिक बारकाईचे मिळते, पण ते वापरण्याआधी कॅथेटर सलाईनने अत्यंत काळजीपूर्वक फ्लश करावे लागते. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पडदा अंधारतो, आणि धमनी आकसली आहे की यंत्र बिघडले आहे, अशा शंकेत मोलाची मिनिटे वाया जातात. या साध्या, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या तयारीवर चित्राचा निम्मा दर्जा अवलंबून असतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्ष रीत अशी. धमनी आकसू नये म्हणून आधी तिच्यात नायट्रोग्लिसरीन दिले जाते. बारीक तारेवरून कॅथेटर अडथळ्याच्या पलीकडे नेले जाते, आणि मग ते यंत्राच्या साहाय्याने ठरावीक गतीने मागे ओढत आणले जाते. याला आम्ही पुलबॅक म्हणतो. गती ठरावीक असल्यामुळे केवळ व्यासच नव्हे, तर आजारी भागाची लांबीही मोजता येते. पडद्यावर मध्यभागी कॅथेटरचे काळे वर्तुळ दिसते, त्याभोवती रक्ताचा हलता करडा ठिपकेदार भाग, मग भिंतीचा आतला थर, त्याबाहेर स्नायूच्या थराची काळी बारीक रेषा आणि सर्वांत बाहेर पांढरट आवरण. त्या काळ्या रेषेपर्यंतची सीमा ही धमनीची खरी रुंदी, आणि पोकळी व ही सीमा यांच्यामधले सगळे प्लाक. मऊ, चरबीयुक्त साठा गडद दिसतो. तंतुमय साठा बाहेरच्या आवरणाइतकाच उजळ दिसतो. कॅल्शियम लख्ख पांढरे दिसते आणि त्याच्यामागे अंधार पडतो, कारण ध्वनी त्यातून पुढे जाऊच शकत नाही.

आता मापांचा स्टेंटशी काय संबंध, हे सांगितल्याशिवाय बाकीचे सगळे निरर्थक आहे. रक्त वाहून नेण्यासाठी उपयोगी पडते ते क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. 3 मिलिमीटर व्यासाच्या पूर्ण उघडलेल्या स्टेंटचे क्षेत्रफळ सुमारे 7.1 चौरस मिलिमीटर भरते, तर साडेतीन मिलिमीटरच्या स्टेंटचे 9.6. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला किरकोळ वाटतो. वाटेच्या क्षेत्रफळात तो एक तृतीयांशाहून अधिक वाढ करतो. डोळ्याने अंदाज घेणारा माणूस सुरक्षिततेच्या विचाराने लहान माप निवडतो, कारण मोठा स्टेंट घालून धमनी फाटण्याची भीती खरी असते. त्यामुळे लहान स्टेंट, तोही पुरता न उघडलेला, ही नंतरच्या त्रासाची फार मोठी मुळे ठरतात. अशा स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा आणि काही महिन्यांनी पुन्हा अडथळा येण्याचा धोका वाढतो.

हे ज्ञान मिळाले तेही आयव्हसमुळेच. 1986 मध्ये माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट बसवले गेले, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यात अचानक गुठळी होण्याचे प्रमाण इतके होते की रुग्णांना रक्त पातळ करणारी तीव्र औषधे द्यावी लागत, ज्यातून रक्तस्रावाचे संकट उभे राही. इटलीतील अँतोनिओ कोलोम्बो आणि सहकाऱ्यांनी आयव्हसने आत पाहिले तेव्हा अँजिओग्राफीत उत्तम दिसणारे स्टेंट प्रत्यक्षात अर्धवट उघडलेले आढळले. 1995 मध्ये त्यांनी दाखवून दिले की फुगा जास्त दाबाने फुगवून स्टेंट नीट बसवला आणि तो नीट बसल्याची आतून खात्री केली, तर ती तीव्र औषधे टाळून केवळ रक्तबिंबिकांवरील गोळ्यांवर भागते. आज स्टेंट बसवल्यावर दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी जातो, त्यामागे या शोधाचा मोठा वाटा आहे.

आमच्याकडे आलेल्या एका रुग्णाची हकिकत, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगतो. चंदगड तालुक्यातील गृहस्थ, साठी ओलांडलेली, जुना मधुमेह. डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत लांब अडथळा होता. फिल्मवरून तीन मिलिमीटरचा स्टेंट पुरेल असे दिसत होते. डॉक्टरांनी आयव्हस करायचे ठरवले. पुलबॅकमध्ये धमनीची खरी रुंदी साडेतीन मिलिमीटरच्याही पुढे निघाली, आणि मुख्य म्हणजे अडथळ्याच्या जागी कॅल्शियमने वर्तुळाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापलेला होता. फिल्मवर ते कॅल्शियम जेमतेम जाणवत होते. तिथे तसाच स्टेंट सोडला असता तर कॅल्शियमच्या त्या कड्याने त्याला उघडूच दिले नसते, आणि एकदा आत अडकलेला अर्धवट स्टेंट मागे घेता येत नाही. म्हणून आधी दाबलहरी सोडणाऱ्या खास फुग्याने ते कडे ठिकठिकाणी तडकवले गेले, मग योग्य मापाचा स्टेंट बसवला आणि पुन्हा पुलबॅक करून तो सर्व बाजूंनी भिंतीला टेकल्याची खात्री केली. त्यांचा मुलगा बाहेर विचारत होता, "रिंग एक बसली का दोन?" त्याला एक, एवढेच उत्तर हवे होते आणि ते मिळाले. परंतु चंदगडच्या टोकाच्या गावाहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. मध्यरात्री स्टेंट बंद पडला तर तेवढे अंतर कापून येणाऱ्या माणसासाठी पहिल्याच वेळी काम बिनचूक होणे ही चैन नव्हे, हे त्या दिवशी मला फार तीव्रतेने जाणवले.

एका रुग्णाच्या हकिकतीवरून नियम काढू नये, आणि सुदैवाने तशी गरजही नाही. दक्षिण कोरियातील 2015 च्या आयव्हस-एक्सपीएल चाचणीत लांब अडथळे असलेल्या 1400 रुग्णांची दोन गटांत विभागणी केली गेली. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, त्या धमनीमुळे अटॅक किंवा पुन्हा अँजिओप्लास्टीची गरज यांचे प्रमाण आयव्हसच्या गटात 2.9 टक्के आणि केवळ अँजिओग्राफीच्या गटात 5.8 टक्के होते. चीनमधील 1448 रुग्णांच्या अल्टिमेट चाचणीत 2018 मध्ये जवळपास तसेच आकडे आले, 2.9 विरुद्ध 5.4 टक्के, आणि तीन वर्षांनीही फरक टिकून होता. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयव्हस-एसीएस चाचणीत चीन, पाकिस्तान, इटली आणि ब्रिटनमधील 3505 रुग्ण होते, सर्वांना अटॅक किंवा त्याच्या जवळपासची अवस्था होती, आणि तिथेही वर्षअखेर 4 विरुद्ध 7.3 टक्के असा निकाल आला. वेगवेगळे देश, वेगवेगळे डॉक्टर आणि एकाच दिशेचे आकडे. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मुख्य डावी धमनी, फाटे फुटण्याची जागा आणि लांब अडथळे यांसाठी आतून चित्रण करण्याला सर्वोच्च श्रेणीची शिफारस मिळाली, आणि 2025 मध्ये अमेरिकी संस्थांनीही अटॅकच्या रुग्णांतील मुख्य डाव्या धमनीच्या व गुंतागुंतीच्या अडथळ्यांसाठी तसेच केले. जपानमध्ये बहुसंख्य अँजिओप्लास्टी अशा आतल्या चित्रणासह होतात, आणि तेही कित्येक वर्षांपासून.

माझ्या दृष्टीने या सर्वांत मोलाचा तपशील अल्टिमेट चाचणीतच आहे, आणि तो बातम्यांमध्ये सहसा येत नाही. तिथे स्टेंट उत्तम बसला असे म्हणण्यासाठी तीन अटी घातल्या होत्या. स्टेंटमधील सर्वांत अरुंद जागेचे क्षेत्रफळ 5 चौरस मिलिमीटरहून अधिक असावे, किंवा पुढच्या चांगल्या भागातील पोकळीच्या 90 टक्के तरी असावे. स्टेंटच्या दोन्ही टोकांपासून 5 मिलिमीटरच्या आत प्लाकचा भार, म्हणजे धमनीच्या एकूण क्षेत्रफळातला प्लाकचा हिस्सा, 50 टक्क्यांहून कमी असावा. आणि टोकाशी स्नायूच्या थरापर्यंत गेलेली 3 मिलिमीटरहून लांब चीर नसावी. आयव्हसच्या गटातील ज्या रुग्णांत या तिन्ही अटी पूर्ण झाल्या त्यांच्यात वर्षभरातील अपयश, म्हणजे वर सांगितलेल्या त्रासांचे प्रमाण, 1.6 टक्के होते. ज्यांच्यात त्या पूर्ण झाल्या नाहीत त्यांच्यात 4.4 टक्के. म्हणजे कॅथेटर आत घालून चित्र पाहिले, फाईलमध्ये नोंद केली आणि काम आटोपले, एवढ्याने रुग्णाचे फारसे भले होत नाही. चित्रात जे दिसले त्यावर कृती करावी लागते. पुन्हा फुगा फुगवावा लागतो, कधी आणखी लहानसा स्टेंट जोडावा लागतो, पुन्हा पुलबॅक करावा लागतो. दिवसातला पाचवा रुग्ण टेबलवर असताना आणि सहावा बाहेर वाट पाहत असताना ती दहा-पंधरा मिनिटे देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांसाठी या तंत्राचा आणखी एक उपयोग आहे, ज्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी. डाय मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकतो. मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडांना तर अधिकच. आधीच्या अँजिओग्राफीच्या फिल्म समोर ठेवून, धमनीतल्या तारांच्या खुणांवर वाट ओळखून आणि मापे सगळी आयव्हसने घेऊन, अनुभवी हातांना अगदी थोड्या डायमध्ये, काही वेळा जवळजवळ डायशिवायही, अँजिओप्लास्टी करता येते. डायलिसिसच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला याचा अर्थ काय, हे आठवड्यातून दोन-तीनदा त्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या घरच्यांना विचारावे.

प्रकाशाने पाहणारे ओसीटी हे दुसरे तंत्रही आता रूढ आहे, आणि 'कोणते चांगले' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ओसीटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे बारकावे दाखवते, आयव्हसच्या सुमारे दहापट. गुठळी, बारीक चीर, स्टेंटची भिंतीपासून सुटलेली एखादी तार त्यात लख्ख दिसते. मात्र प्रकाश भिंतीत एक-दोन मिलिमीटरच शिरतो, आणि रक्त बाजूला सारण्यासाठी सहसा डायचाच फ्लश द्यावा लागतो. आयव्हसला रक्त आडवे येत नाही आणि त्याची नजर पाच मिलिमीटरहून खोल जाते, म्हणून मोठी मुख्य डावी धमनी, विशेषतः तिचे उगमाचे तोंड, आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांत त्याला पर्याय नाही. कोरियातील ऑक्टिव्हस चाचणीत 2008 रुग्णांवर दोघांची थेट तुलना झाली आणि वर्षअखेर अशा त्रासांचे प्रमाण ओसीटीच्या गटात 2.5 व आयव्हसच्या गटात 3.1 टक्के, म्हणजे जवळपास सारखाच निकाल लागला. जे साधन हाताशी आहे आणि ज्याची चित्रे वाचण्याची सवय आहे ते वापरावे, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ.

नव्या सुधारणांपैकी काही आमच्या रोजच्या कामात उतरल्या आहेत. 60 मेगाहर्ट्झची कॅथेटरे आली, त्यांत भिंतीचे थर अधिक स्वच्छ दिसतात. कंप्रता वाढली की रक्तातून परतणारा प्रतिध्वनीही झपाट्याने वाढतो आणि पोकळीची कड धूसर होऊ लागते, म्हणून ही सुधारणा केवळ आकडा वाढवण्याइतकी सोपी नव्हती. पूर्वी अर्धा मिलिमीटर प्रतिसेकंद या गतीने 80 मिलिमीटरचा पुलबॅक करायला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि छातीत कळ सोसणाऱ्या रुग्णासाठी ती मिनिटे फार मोठी असत. नव्या यंत्रांपैकी काहींत हीच गती सेकंदाला 10 मिलिमीटरपर्यंत नेता येते. आयव्हसचे चित्र आणि अँजिओग्राफीची फिल्म संगणकाने जोडली जाते, त्यामुळे पडद्यावरील अमुक छेद धमनीत नेमका कुठला हे फिल्मवरच बिंदूने दिसते आणि स्टेंटची टोके अंदाजाने ठरवावी लागत नाहीत. पोकळीच्या आणि भिंतीच्या सीमा संगणक आपोआप आखू लागला आहे. त्याने माझे काम हलके केले, हे मी आनंदाने सांगतो. तरी कॅल्शियमच्या मागच्या अंधारात आणि फाट्यांच्या तोंडाशी तो सीमा चुकीची ओढतो तेव्हा ती दुरुस्त करणारी माणसाची नजर लागतेच. जवळच्या अवरक्त प्रकाशाने भिंतीतील चरबी ओळखणारी आणि त्याच वेळी ध्वनीने चित्र काढणारी जोड कॅथेटरेही आहेत.

या शेवटच्या साधनाने मोठी आशा जागवली आहे, ती म्हणजे पुढे अटॅक आणणारा प्लाक आधीच ओळखण्याची. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात 697 रुग्णांच्या तिन्ही धमन्यांचे चित्रण करून त्यांचा तीन वर्षे मागोवा घेतला गेला. नंतरच्या त्रासांपैकी सुमारे निम्मे त्रास अशा जागांतून उद्भवले ज्यांना पहिल्या वेळी हातही लावलेला नव्हता, आणि त्यांतील बऱ्याच जागा अँजिओग्राफीत किरकोळ दिसल्या होत्या. मात्र ज्यात धोक्याची सर्व चिन्हे एकत्र होती अशाही बहुतेक जागा तीन वर्षांत शांतच राहिल्या. म्हणून दिसलेल्या प्रत्येक साठ्यावर स्टेंट ठेवण्याची घाई मला पटत नाही. चीन आणि कोरियातील 2022 च्या फ्लेव्हर चाचणीने हा सावधपणा आकड्यांत मांडला आहे. मध्यम अडथळ्यांच्या 1682 रुग्णांत स्टेंट टाकायचा की नाही हा निर्णय एका गटात रक्तदाबातील फरक मोजणाऱ्या एफएफआर तपासणीने घेतला, दुसऱ्यात आयव्हसने. दोन वर्षांचा निकाल सारखाच राहिला, 8.1 आणि 8.5 टक्के, परंतु एफएफआरच्या गटात 44.4 टक्के रुग्णांना अँजिओप्लास्टी करावी लागली, तर आयव्हसच्या गटात 65.3 टक्के रुग्णांना. स्टेंट हवा का, हे ठरवायला रक्तप्रवाहाचे माप अधिक योग्य आणि तो कोणत्या मापाचा, कुठून कुठपर्यंत व नीट बसला का, हे ठरवायला आयव्हस योग्य, असे मी यातून समजतो. मुख्य डाव्या धमनीत मात्र 6 चौरस मिलिमीटरहून अधिक पोकळी असेल तर शस्त्रक्रिया किंवा स्टेंट पुढे ढकलणे सुरक्षित ठरते, हे आयव्हसनेच दाखवले आहे, आणि आपल्या आशियाई शरीरयष्टीत ही सीमा याहूनही कमी धरण्याकडे कल आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो टाळता येणार नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, औषधयुक्त स्टेंटसाठी 29,600 रुपये. त्या निर्णयाने आपल्या भागातील असंख्य कुटुंबांना दिलासा मिळाला. आयव्हसचे कॅथेटर एका रुग्णापुरतेच असते आणि त्याचा खर्च स्टेंटच्या खर्चाव्यतिरिक्त येतो. ठरावीक रकमेच्या पॅकेजमध्ये उपचार होत असतील तर तो बसवणे अवघड जाते. सीपीआर या आमच्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात नंबर लावून बसलेल्या माणसाच्या धमनीतले कॅल्शियम खासगी खोलीतल्या माणसाच्या कॅल्शियमहून मऊ नसते. सर्वांना सर्व वेळी हे शक्य नसेल, तर किमान मुख्य डावी धमनी, लांब किंवा कॅल्शियमने भरलेले अडथळे, फाट्यांवरचे अडथळे, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि आधीच्या स्टेंटमध्ये पुन्हा आलेला अडथळा, एवढ्यांसाठी तरी सरकारी योजनांत त्याची स्वतंत्र तरतूद असावी, असे मला मनापासून वाटते. पुन्हा करावी लागणारी एक अँजिओप्लास्टी वाचली तरी त्या पैशांचा हिशेब जुळण्याच्या जवळ येतो, आणि हुकलेले हंगाम व बुडालेली मजुरी त्यात धरलेलीच नाही.

रुग्णाच्या घरच्यांना मी एवढेच सुचवतो की अँजिओप्लास्टी नियोजित असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना शांतपणे विचारावे, "आमच्या अडथळ्यासाठी आतून सोनोग्राफी उपयोगी पडेल का?" बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, आणि साध्या, आखूड अडथळ्यात गरज नाही असे त्यांनी सांगितले तर ते उत्तरही योग्य असू शकते. आयव्हस झाले असेल, तर घरी जाताना मिळणाऱ्या सीडीमध्ये अँजिओग्राफीसोबत आयव्हसचे पुलबॅकही घालून मागावेत, आणि डिस्चार्ज कार्डवर स्टेंटचा व्यास व लांबी यांच्याबरोबर शेवटच्या पुलबॅकमधील स्टेंटचे किमान क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. पाच-सात वर्षांनी त्याच जागी पुन्हा अडथळा आला आणि रुग्ण पुण्याला किंवा बेळगावला दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसला, तर मुळात स्टेंट कमी उघडला होता की नंतर त्याच्या आत पेशी वाढल्या, हे त्या एका आकड्यावरून बरेचसे कळते, आणि या दोन कारणांचे उपचार वेगळे आहेत.